वाचकांचे प्रश्न : वाकलेले बँक कार्ड घरच्या घरी सरळ होते का?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत बँकेच्या कार्डाविषयीची पत्रे एवढी आली की या वेळचे सदर त्याच एका विषयाला द्यावे असे ठरवले. उन्हाने वाकलेली, पाकिटात दुमडलेली, इस्त्रीखाली सापडलेली आणि कडेला तडकलेली कार्डे हातात घेऊन लोक विचारत आहेत की घरी काही करता येईल का. बँकेच्या शाखेत कार्डांचे काम मी बरीच वर्षे पाहिले असल्यामुळे या प्रश्नांमागची घालमेल मला चांगली माहीत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त करून देत आहे.

प्रश्न : माझे वडील सेवानिवृत्त शिक्षक आहेत. त्यांचे निवृत्तिवेतन ज्या खात्यात जमा होते त्या खात्याचे डेबिट कार्ड मे महिन्यात माझ्याकडून स्कूटरच्या डिकीत राहिले. चार-पाच तासांनी काढले तेव्हा त्याला लांबीच्या बाजूने कमानीसारखा बाक आलेला होता. चिप जागेवर आहे, तडा कुठेही नाही, पण टेबलावर ठेवले की कार्ड डुलते. एटीएममध्ये घालण्याचे धाडस होत नाही. वडिलांना वाटते की आता पेन्शन अडकणार आणि त्यामुळे ते दोन रात्री नीट झोपलेले नाहीत. हे कार्ड घरी सरळ करता येईल का?
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : आधी वडिलांना निश्चिंत करा. पैसे खात्यात असतात, कार्डात नसतात. कार्ड वाकले, तुटले किंवा हरवले तरी निवृत्तिवेतन ठरल्या दिवशी खात्यात जमा होईल आणि पासबुक व पैसे काढण्याची स्लिप घेऊन शाखेत गेल्यास ते पूर्वीसारखेच हातात मिळेल. खाते आधारशी जोडलेले असेल, तर गावातल्या बँक मित्राकडे अंगठ्याचा ठसा देऊनही रक्कम काढता येते. हे त्यांना आजच समजावून सांगा, कार्डाचे काम उद्या केले तरी चालेल.

आता कार्डाकडे वळू. आपल्या हातातले बहुतेक कार्ड पीव्हीसी या प्लॅस्टिकचे असते. छापलेले मधले थर आणि दोन्ही बाजूंचे पारदर्शक पापुद्रे उष्णता व दाब देऊन एकजीव केलेले असतात, आणि त्यानंतर एका बाजूला छोटासा खळगा कोरून त्यात चिप चिकटवलेली असते. पीव्हीसी साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, पण त्याच्या बऱ्याच आधीपासून ते दाबाला आणि स्वतःच्या वजनाला हळूहळू वश होऊ लागते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार कार्डाने ५० अंशांपर्यंत व्यवस्थित काम करणे अपेक्षित असते. मे महिन्यात चंद्रपुरात सावलीतच पारा ४५ च्या पुढे जातो, मग उन्हात उभ्या असलेल्या स्कूटरच्या डिकीत, खालून इंजिनाची धग असताना, काय होत असेल ते सांगायला नको. बंद मोटारीच्या डॅशबोर्डचेही तेच आहे, भर उन्हात तो ७० अंशांच्या पुढे सहज तापतो.

असा उष्णतेने आलेला गोलसर बाक हा सर्वांत सुधारण्याजोगा प्रकार आहे, कारण त्यात प्लॅस्टिक फक्त सैल होऊन दुसऱ्या आकारात थंड झालेले असते, कुठेही मोडलेले नसते. म्हणून दुरुस्तीला हात लावण्याआधी कार्ड खिडकीजवळ नेऊन तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंनी पाहा. बाकावर पांढरट रेघ उमटलेली दिसली, तर तिथे प्लॅस्टिक आतून फाटू लागले आहे आणि ती जागा पुन्हा पहिल्यासारखी होणार नाही. चिपच्या सोनेरी पत्र्याभोवती नखाची कड हलकेच फिरवा. पत्रा कुठे उचललेला लागला किंवा खळग्यात हलला, तर सरळ करण्याचा विचार सोडून द्या आणि नव्या कार्डासाठी अर्ज करा. त्या पत्र्याखाली जेमतेम काही मिलिमीटरचा सिलिकॉनचा तुकडा असतो आणि तो पत्र्याला केसाहूनही बारीक तारांनी जोडलेला असतो. प्लॅस्टिक सरळ होईल, पण तुटलेली तार घरी कोणालाही जोडता येणार नाही.

बाक किती आहे हे मोजण्याची एक सोपी युक्ती आहे. कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते आणि सपाट पृष्ठभागावर ठेवल्यावर त्याचा सर्वांत उंच भाग, जाडी धरून, १.५ मिलिमीटरपेक्षा वर नसावा असे आयएसओ ७८१० हे मानक साध्या, अक्षरे न उठवलेल्या नव्या कार्डासाठी सांगते. म्हणजेच दोन चांगली कार्डे एकावर एक ठेवली की होणारी उंची आणि ही मर्यादा जवळजवळ सारखीच. काचेच्या टेबलावर वाकलेले कार्ड फुगवटा वर करून ठेवा, शेजारी दोन सपाट कार्डांची जोडी ठेवा आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून पाहा. फुगवटा जोडीच्या वर जात नसेल, तर कार्डाला फारसे काही करण्याची गरजच नाही.

वर जात असेल, तर पहिला उपाय कोणतीही उष्णता न देता करावा. कार्ड दोन कोऱ्या कागदांत ठेवून, फुगवटा वर येईल असे, पुठ्ठ्याच्या जाड बांधणीच्या दोन पुस्तकांमध्ये घाला आणि वर आठ-दहा किलो वजन ठेवून दोन दिवस विसरून जा. दळणाचा भरलेला डबा या कामाला उत्तम. कमी बाकाची बरीच कार्डे एवढ्याने वापरण्याजोगी होतात.

दोन दिवसांनीही बाक राहिला, तर कोमट उष्णतेची जोड द्यावी, पण ती मापून द्यावी. घरात तापमापक नसला तरी हिशेब सोपा आहे : खळखळून उकळलेले एक भाग पाणी आणि नळाचे साधारण ३० अंशांचे एक भाग पाणी एकत्र केले की मिश्रण ६५ अंशांच्या जवळपास येते. स्वयंपाकाच्या ओट्यावर जाड बांधणीचे पुस्तक ठेवा, कारण ओट्याचा दगड उष्णता शोषून घेतो. त्यावर कागद, कार्ड आणि पुन्हा कागद ठेवा. मग अगदी सपाट बुडाचे स्टीलचे पातेले घ्या, त्याच्या बुडाला फूटपट्टी लावून ते खरोखर सपाट आहे ना ते बघा, आणि ते कार्डावर ठेवून त्यात असे तीन-चार लिटर पाणी ओता. आधी थंड पाणी ओता आणि नंतर गरम, म्हणजे बुडाला एकदम चटका बसणार नाही. उष्णता, वजन आणि सपाट पृष्ठभाग या तिन्ही गोष्टी अशा एकाच भांड्यातून मिळतात आणि कार्डाला पाण्याचा थेंबही लागत नाही.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि लोक चुकतात ते इथेच. दहा मिनिटांनी पातेले उचलून कार्ड पाहण्याचा मोह होतो, ते सरळ दिसते, आपण ते बाजूला ठेवतो आणि थंड होईपर्यंत ते पुन्हा वाकते. प्लॅस्टिक ज्या आकारात थंड होते तोच आकार धरून राहते. म्हणून पाणी पूर्ण निवेपर्यंत पातेले तसेच राहू द्या, नंतर पातेल्याच्या जागी पुस्तके व वजन ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. फरक पडला पण अपुरा पडला, तर हीच कृती आणखी एकदा करा. दोनदा करूनही कार्ड जोडीच्या उंचीखाली आले नाही, तर थांबा.

सरळ झालेले कार्ड लगेच एटीएममध्ये घालू नका. काही एटीएम कार्ड पूर्णपणे आत ओढून घेतात आणि थोडासाही बाक राहिला असेल, तर ते आतल्या रुळांत अडकू शकते. पहिली चाचणी ओळखीच्या किराणा दुकानात किंवा औषधांच्या दुकानात, स्वाइप मशीनवर, छोट्या रकमेची घ्या. तिथे कार्ड अर्धेच आत जाते आणि दुसरे टोक तुमच्या हातात राहते. चिपवरून व्यवहार झाला, पिन स्वीकारला गेला की कार्ड चालते असे समजा. तरीही वडिलांच्या कार्डासाठी नव्या कार्डाचा अर्ज करून ठेवावा असे मी सुचवीन. मऊ पडून पुन्हा घट्ट झालेल्या कार्डावर वयस्कर माणसाने महिन्याच्या पहिल्या तारखेला विसंबून राहू नये.

प्रश्न : शर्टाच्या खिशात राहिलेले कार्ड धुण्यातून निघाले आणि थोडे वाकडे झाले. शेजारच्या वहिनी म्हणाल्या की कापडाखाली ठेवून इस्त्री फिरवली की सरळ होते. करून पाहावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कृपया करू नका. कपड्यांच्या आतल्या पट्टीवर इस्त्रीचे चिन्ह असते, त्यात एका ठिपक्याचा अर्थ सुमारे ११० अंशांपर्यंत, दोन ठिपक्यांचा १५० आणि तीन ठिपक्यांचा २०० अंशांपर्यंत असा असतो. म्हणजे इस्त्रीची सर्वांत मंद पायरीसुद्धा कार्ड ज्या तापमानाला मऊ होते त्याच्या बरीच वर आहे. कापड मध्ये घातल्याने उष्णता पोहोचायला थोडा वेळ लागतो, ती कमी होत नाही. केस वाळवण्याचे यंत्र एकाच जागी जास्त तापवते आणि कार्डाला पीळ पडतो. मायक्रोवेव्हमध्ये तर कार्ड कधीही ठेवू नये, आतल्या धातूमुळे ठिणग्या उडतात.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो त्याला एक कारण आहे. शाखेत असताना एक शेतकरी आजोबा काउंटरवर आले होते. धोतराच्या सोग्यात बांधलेले कार्ड वाकले म्हणून घरच्यांनी ते तव्यावर ठेवून उलथन्याने दाबले होते. कार्ड अगदी सपाट झाले होते, पण त्याच्यावरची अक्षरे पसरली होती, कडा फुगल्या होत्या आणि चिपच्या जागी नुसता चौकोनी खळगा होता. आजोबांनी बंडीच्या खिशातून काडेपेटी काढली, ती हळूच उघडली आणि कापसावर ठेवलेली चिप माझ्यापुढे धरली. ती परत बसवून मिळेल अशी त्यांची समजूत होती. त्यांच्या खात्यात पीक विम्याची रक्कम आलेली होती आणि बी-बियाण्याच्या खरेदीसाठी ते ती काढायला निघाले होते. त्यांना स्लिप भरून रक्कम दिली, नव्या कार्डाचा अर्ज लिहून घेतला, पण ती काडेपेटी मी अजून विसरलेलो नाही. दोन दिवस दळणाच्या डब्याखाली ठेवले असते, तर ते कार्ड कदाचित वाचले असते.

आपल्या कार्डापुरते सांगायचे तर पाण्याने आणि साबणाने कार्डाचे सहसा फारसे बिघडत नाही. मऊ कापडाने टिपा, सावलीत एक दिवस वाळू द्या, मग वर सांगितल्याप्रमाणे उष्णता न देता पुस्तकांत दाबा. मात्र धुलाई यंत्रात गरम पाण्याचा किंवा वाळवणीचा टप्पा लावलेला असेल, तर चिपचा पत्रा नखाने तपासल्याशिवाय ते वापरू नका.

प्रश्न : मी रोज डोंबिवलीहून मुंबईला लोकलने जातो. पाकीट मागच्या खिशात असते. वर्षभरात माझी दोन कार्डे वाकली आणि दुसऱ्याची चिप चालेनाशी झाली. माझेच काही चुकते आहे का, की कार्डे हलकी येतात?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मागच्या खिशातले पाकीट दिवसाचे सात-आठ तास तुमच्या वजनाखाली असते आणि त्यात अंगाची ऊब असते. प्लॅस्टिकला एकदाच जोराने वाकवले तर ते बहुधा परत येते, पण तेच थोडेसे, तासन् तास आणि रोज वाकवले तर ते त्या बाकातच मुरते. चिप मात्र वाकत नाही. ती ठिसूळ असते आणि सभोवतालचे कार्ड वाकले की सारा ताण तिच्या कडांवर येतो. आजच्या बहुतेक कार्डांत कडेने, मशीनवर नुसते टेकवून व्यवहार करता यावा म्हणून, अँटेनाची बारीक तारही असते, तिलाही हीच ओढ बसते.

उपाय खिशाचाच आहे. पाकीट पुढच्या खिशात किंवा बॅगेत ठेवा. लोकलच्या गर्दीत चोरीच्या दृष्टीनेही ते बरे. पाकिटात कार्डे चिल्लर आणि किल्ल्यांपासून वेगळी, एका ताठ कप्प्यात ठेवा. हल्ली अनेक जण कार्ड मोबाइलच्या मागच्या कव्हरात खोचतात, तेही टाळा. मोबाइल चार्ज होताना तापतो, कॅमेऱ्याच्या उंचवट्यावर कार्ड रेलून राहते आणि काही महिन्यांत त्याला नेमका तिथेच बाक येतो. आधीच्या कार्डाची चिप जर वाकण्याची कोणतीही खूण नसताना बंद पडली असेल, तर बँकेला तसे लेखी कळवून बदली कार्डाचे शुल्क माफ करण्याची विनंती जरूर करा.

प्रश्न : माझ्या कार्डाला खालच्या कडेकडून एक इंच तडा गेला आहे. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानातले म्हणतात की आधार कार्डासारखे लॅमिनेशन करून देतो, पुन्हा तुटणार नाही. तोपर्यंत मी सेलोटेप लावली आहे. काय करावे?
— एक वाचक, फलटण

उत्तर : सेलोटेप आजच काढा आणि लॅमिनेशन करू नका. आधार कार्ड आपण दाखवतो, बँकेचे कार्ड यंत्रात घालतो, हा दोन्हींतला फरक आहे. लॅमिनेशनने चिपचे सोनेरी पत्रे झाकले जातात आणि मग यंत्राचे स्पर्शबिंदू तिला लागूच शकत नाहीत. शिवाय कार्डाची जाडी वाढते, यंत्राची फट ०.७६ मिलिमीटरच्या कार्डासाठी केलेली असते. लॅमिनेशनचे यंत्र साधारण १०० अंशांच्या पुढेच चालते, त्यामुळे तडा सांधण्याऐवजी कार्ड आणखी वेडेवाकडे होते. टेपचा गोंद उष्णतेने सुटून दुकानदाराच्या मशीनच्या आतल्या स्पर्शबिंदूंना चिकटतो, म्हणजे आपल्या कार्डापायी त्याचे मशीन बिघडते.

आणखी एक गोष्ट, दुकानदारावर कोणताही संशय न घेता सांगतो : कार्डाच्या दोन्ही बाजू मिळून त्याचा सोळा अंकी क्रमांक, मुदत आणि मागचे तीन अंक कोणाच्याही नजरेला पडतात. ज्याला ते पाहण्याची गरज नाही त्याच्या हातात कार्ड ठेवू नये आणि त्याची झेरॉक्सही काढू नये.

तडा गेलेले कार्ड बदलणे हाच मार्ग आहे. बँकेच्या अॅपमधून, कॉल सेंटरवरून किंवा शाखेत अर्ज देऊन ते मागवता येते. बहुतेक बँका त्यासाठी शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतात. अर्ज करताना ‘खराब झालेले कार्ड बदलणे’ हा पर्याय निवडायचा आणि क्रमांक बदलणार आहे का ते विचारून घ्यायचे. क्रमांक किंवा मुदत बदलली, तर वीज बिल, विम्याचा हप्ता यांसाठी कार्डावर लावलेली स्वयंचलित वजावट नव्या कार्डावर पुन्हा लावावी लागते, आणि हे विसरल्याने पॉलिसीचे हप्ते चुकलेले मी पाहिले आहेत. बँकेने जुने कार्ड बंद केले नसेल, तर नवे येईपर्यंत घरबसल्या व्यवहारांसाठी जुन्याचा क्रमांक चालतो. यूपीआय पिन नव्याने लावायचा असेल, तर डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक आणि मुदत यांवर काम होते, तड्याने काही अडत नाही.

प्रश्न : कार्ड थोडे वाकले होते, ते मी दाबून सरळ केले. चिप घातली की व्यवहार होतो, पण मशीनवर नुसते टेकवले तर काहीच होत नाही. असे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी बँकेचे अॅप उघडून टॅप करण्याची, म्हणजे कॉन्टॅक्टलेस व्यवहारांची, सोय चालू आहे का ते पाहा. ही सोय ग्राहकाला स्वतः चालू-बंद करता येते आणि पुष्कळदा ती मुळातच बंद असते, दोष कार्डाला दिला जातो.

ती चालू असूनही काम होत नसेल, तर अँटेना तुटलेली असण्याची शक्यता फार आहे. कार्डाच्या आत, बहुतेक कडेकडेने, तांब्याच्या अगदी बारीक तारेचे काही वेढे असतात. कार्डात बॅटरी नसते. मशीन १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडते, त्यांतून हे वेढे वीज मिळवतात आणि तीच चिपला देऊन तिला जागे करतात, म्हणूनच कार्ड मशीनच्या अगदी जवळ, चार सेंटिमीटरच्या आसपास, न्यावे लागते. वाकताना किंवा सरळ करताना एखादा वेढा तुटला, तर टॅप बंद पडते, पण चिपचे पत्रे थेट यंत्राला लागत असल्यामुळे तो मार्ग चालू राहतो. उजव्या हाताच्या बोटांनी कार्ड उलट बाजूला वाकवून सरळ करण्याची सवय याला बहुधा कारणीभूत असते, कारण त्यात सगळा जोर एकाच रेषेवर येतो. सपाट वजनाखाली दाबण्याचा आग्रह मी धरतो तो यासाठीच.

हे कार्ड चिप घालून वापरायला हरकत नाही. फक्त तार जिथे तुटली तिथेच पुढे तडा जाण्याचा संभव असतो, तेव्हा कडांवर लक्ष ठेवा. टॅपची सोय पाहिजेच असेल, तर नवे कार्ड घ्यावे लागेल. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून पिनशिवाय टॅपची मर्यादा २,००० रुपयांवरून ५,००० रुपये केली, त्यामुळे रोजच्या खरेदीत पुष्कळांना तिची सवय झालेली आहे.

प्रश्न : चिपवर काळसर डाग आहेत. खोडरबराने घासले तर चालेल का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : कोकणातल्या दमट हवेत आणि घामाच्या हातांनी असे डाग पडतात. पत्र्यावर सोन्याचा मुलामा असतो आणि तो फार पातळ असतो, खोडरबर, टूथपेस्ट किंवा पॉलिश कागद यांनी तो निघून जातो आणि खालचा धातू आणखी लवकर काळा पडतो. चष्म्याच्या कोरड्या मऊ कापडाने हलके पुसा. डाग हट्टी असेल, तर त्याच कापडाच्या टोकाला औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब घेऊन पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच वापरा.

प्रश्न : आई वाकलेले कार्ड घेऊन एटीएममध्ये गेली आणि कार्ड आतच अडकले. एका अनोळखी तरुणाने मदतीचा हात पुढे केला, पण ती घाबरून घरी आली. पैसेही निघाले नाहीत, मात्र खात्यातून ३,००० रुपये गेल्याचा संदेश आला. आता?
— एक वाचक, परभणी

उत्तर : आपल्या आईने अनोळखी माणसाची मदत घेतली नाही हे फार चांगले केले, तिला तसे सांगा. हे उत्तर छापून येईपर्यंत थांबू नये म्हणून आपल्याला पत्राने आधीच कळवले आहे, पण इतर वाचकांसाठी इथेही लिहितो.

कार्ड अडकले की एकदा रद्द करण्याचे बटण दाबा आणि थोडा वेळ वाट पाहा. ते बाहेर आले नाही, तर तिथेच उभे राहून बँकेच्या क्रमांकावर फोन करा व कार्ड बंद करून घ्या. तो क्रमांक पासबुकावरचा किंवा अॅपमधला असावा. एटीएमच्या भिंतीवर हाताने चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा किंवा इंटरनेटवर शोधून सापडलेला क्रमांक लावू नये, असे क्रमांक लावून लोक फसलेले आहेत. पिन कोणालाही सांगू नये, मदत करणाऱ्याने तो ‘पुन्हा एकदा टाका’ म्हटले तरी टाकू नये. चिमट्याने किंवा दुसऱ्या कार्डाने ओढून काढण्याचाही प्रयत्न करू नका.

पैसे न मिळता खात्यातून वजा झालेल्या रकमेबाबत रिझर्व्ह बँकेचा २० सप्टेंबर २०१९ चा स्पष्ट नियम आहे : व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम खात्यात परत आली पाहिजे आणि तसे झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळायला हवी. ती मागावी लागू नये असाच त्या नियमाचा हेतू आहे, तरी एटीएमची वेळ, ठिकाण आणि संदेशातला संदर्भ क्रमांक लिहून शाखेत तक्रार द्या आणि पोच घ्या. बँकेने ३० दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

अडकलेले कार्ड परत मिळण्याची वाट पाहू नका. दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये अडकलेले कार्ड तर बहुतेक वेळा नष्टच केले जाते. नवे मागवा. ते येईपर्यंत आईला पासबुकावर रक्कम मिळेल आणि घरात कोणी यूपीआय वापरत असेल, तर अनेक एटीएमवर क्यूआर कोड स्कॅन करून कार्डाशिवायही पैसे काढता येतात.

शेवटी, ज्यांच्या घरी जुनी वाकलेली कार्डे साठली आहेत त्यांच्यासाठी : नवे कार्ड सुरू झाले, त्याचा पिन लागला आणि त्यावर एक व्यवहार झाला की जुने कात्रीने कापा. एक छेद बरोबर चिपच्या मधून गेला पाहिजे, दुसरा मागच्या काळ्या चुंबकीय पट्टीतून आणि तिसरा क्रमांकाच्या मधून. चिप अखंड राहील असे कार्डाचे दोन तुकडे करणे पुरेसे नाही. तुकडे दोन वेगवेगळ्या दिवशी कचऱ्यात टाका.